बाळाचे ४१ हजार फोटो: आवरायचे कसे, जपायचे कसे?

पाऊलखूण:
लेक पुढच्या महिन्यात ३ वर्षांची होईल. परवा ती पहिल्यांदा कुणाचाही हात न धरता पायऱ्या उतरली. मी फोन वर केला आणि नेमकी तेव्हाच सूचना आली, जागा संपली. व्हिडिओ निघालाच नाही. त्या रात्री बसून मोजलं. तिचे साधारण ४१ हजार फोटो आणि अडीच हजारांवर छोटे व्हिडिओ आहेत. माझा फोन, नवऱ्याचा फोन, जुना लॅपटॉप, कॅमेऱ्याची दोन कार्डं आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले ते वेगळेच. काय कुठे आहे हे घरात कुणालाच सांगता येत नाही. एक फोटो चार ठिकाणी सापडतो आणि हवा असलेला एकाही ठिकाणी नसतो.

तीनदा आवरायला बसले. दर वेळी पहिल्या महिन्यातच अडकते. एकाच झोपेचे ६० फोटो, पण एकात मूठ उघडी आहे, एकात ओठ मुडपलेत. तासाभरात जेमतेम १२ फोटो निघतात, तोवर ती उठते.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त टोचते. ती ३३व्या आठवड्यातच जन्मली. पहिले २३ दिवस नवजात अतिदक्षता विभागात होती. माझीही तब्येत बरी नव्हती, त्यामुळे पहिले दोन दिवस मी तिला पाहिलं ते नवऱ्याने पाठवलेल्या फोटोंतूनच. तेवढे १४ फोटो माझ्याकडे आहेत, तेही व्हॉट्सॲपवरचे. मूळ फोटो त्याच्या तेव्हाच्या फोनमध्ये राहिले. तो फोन दीड वर्षापासून चार्ज होत नाही, कपाटात पडून आहे.

कुठून सुरुवात करू? काय ठेवू, काय काढू? आणि जपायचं म्हणजे नेमकं कुठे ठेवायचं?

दिवेलागण:
ताई, सगळ्यात आधी एक: आत्ता काहीही डिलीट करू नका. एकही नाही.

तुम्ही निवड करून मग साठवायला निघाला आहात, म्हणून अडकताय. निवडायला मन लागतं, वेळ लागतो. नक्कल करून ठेवायला फक्त केबल लागते. आधी सगळं जसं आहे तसं, ढिगाचा ढीग, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. प्रत्येक उगमाचं एक फोल्डर: ‘आईचा फोन’, ‘बाबांचा फोन’, ‘लॅपटॉप’, ‘कार्ड १’, ‘कार्ड २’. आत हात लावायचा नाही.

जागेचा अंदाज देते. फोनचा फोटो सरासरी ३ ते ४ एमबीचा धरला तर ४१ हजारांचे दीडशे जीबीच्या आसपास होतात. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अडीच हजार व्हिडिओ साध्या एचडीत शंभर ते दोनशे जीबी खातील. ४के मध्ये घेतले असतील तर बरेच जास्त. म्हणजे आज १ टीबी पुरेल, पण मूल वाढतंय, २ टीबीची डिस्क घ्या.

फोटो केबलनेच उतरवा. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून लॅपटॉपवर घेऊ नका, तिथे दर्जा कमी होतो. आयफोन असेल तर ‘जागा वाचवा’ हा पर्याय चालू आहे का ते बघा. तो चालू असला की फोनमध्ये लहान प्रती असतात आणि मूळ फोटो आयक्लाउडवर. अशा वेळी मूळ प्रती तिथूनच उतरवाव्या लागतात. उतरवून झालं की दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा, आणि मधले मधले वीसेक फोटो खरंच उघडून बघा.

उंबरठा:
दिवेलागण यांच्याशी सहमत. त्यात माझा अनुभव जोडतो, कारण तो अजून रात्री आठवतो.

मुलगा दीड वर्षाचा होता. सगळं क्लाउडवर जातंय म्हणून आम्ही निर्धास्त होतो. फोन भरला तेव्हा मी फोटोंच्याच ॲपमध्ये जाऊन आधीच्या आठ महिन्यांचे फोटो निवडले आणि डिलीट केले. फोनमधून गेले तरी वर आहेतच, ही माझी समजूत. ते वरूनही गेले. कळलं तीन-चार महिन्यांनी, बायको त्याचं पहिलं रांगणं शोधत होती तेव्हा. कचऱ्याच्या फोल्डरची मुदत केव्हाच संपली होती.

ॲप फोन आणि क्लाउड एकसारखे ठेवत होतं, आणि मी त्यालाच बॅकअप समजत होतो. एकीकडे पुसलं की दुसरीकडे पुसलं जाणारच. रांगण्याचे चार व्हिडिओ मिळाले, ते आत्याला पाठवलेले होते म्हणून.

पाऊलखूण:
उंबरठा, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही अगदी हीच समजूत आहे. आज रात्री नवऱ्याला हे वाचायला देते.

घडीची_पाने:
उंबरठा यांनी सांगितलेल्या मुदतीबद्दल नेमकं: गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचऱ्यात ६० दिवस राहतो, ॲपलकडे ‘अलीकडे डिलीट केलेले’ मध्ये ३० दिवस. नंतर कायमचा जातो. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ असा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रतच काढतो, वरची ठेवतो. नुसतं डिलीट करणं आणि हा पर्याय वापरणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

जपण्याचा नियम अगदी सोपा आहे, ३-२-१. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो रूढ केला. प्रत्येक फोटोच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. तुमच्या बाबतीत घरात एक हार्ड डिस्क, क्लाउडवर एक प्रत, आणि दुसरी हार्ड डिस्क बहिणीकडे किंवा आईकडे. आग, पाणी, चोरी यांत एका घरातल्या दोन्ही डिस्का एकदमच जातात, म्हणून तिसरी बाहेर.

डिस्कवर नक्कल झाली की ती काढून ठेवा. सतत लावून ठेवलेली डिस्क खंडणीच्या व्हायरसला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्याला, संगणकाइतकीच उघडी असते. वर्षातून दोनदा तरी जोडून बघा. पेनड्राइव्हवर एकुलती प्रत कधीच ठेवू नका. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, वेगवान असते, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती योग्य नाही, तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. लांबच्या साठवणीला साधी फिरती हार्ड डिस्क बरी. तीही कधीतरी बंद पडणारच, म्हणून तर दोन.

तांब्याची_तार:
मी मोबाइल दुरुस्तीत आहे, कपाटातल्या फोनबद्दल बोलतो. या धाग्यात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी फोन आडवा धरून कडेने बघा. पाठ फुगलेली किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर चार्जरला लावू नका, बॅटरी फुगलेली आहे. तसं नसेल तर चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारा. खिशातला कापूस आत दाबून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद ठेवून लाकडी टूथपिकने हळू काढा, धातूची सुई नको. मग चांगल्या केबलने निदान दोन-तीन तास लावून ठेवा. दीड वर्ष पडलेली बॅटरी इतकी उतरलेली असते की पहिला बराच वेळ स्क्रीनवर काहीही दिसत नाही. लोक दहा मिनिटांत नाद सोडतात.

तरी नाही झालं तर दुकानात द्या, पण शब्द नीट वापरा. ‘फोन दुरुस्त करून द्या’ म्हणू नका. ‘आतले फोटो हवेत, फोन एकदा चालू झाला की पुरे, रीसेट करायचा नाही’ असं सांगा आणि लिहून घ्या. ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असं कुणी म्हटलं तर फोन उचलून बाहेर पडा, त्यात बहुतेकदा आतलं सगळं पुसलं जातं.

कारण हे आहे: गेल्या काही वर्षांतल्या फोनमधला साठा कूटबद्ध असतो, म्हणजे फोनमधल्या गुप्त किल्लीशिवाय वाचता येत नाही. चिप काढून दुसरीकडे वाचता येत नाही. तोच बोर्ड चालू व्हायला हवा आणि तोच पासकोड टाकायला हवा. रीसेट झाला की किल्लीच नष्ट होते, मग कुणीही काही करू शकत नाही. पासकोड आठवतोय ना, हे आजच नवऱ्याला विचारा. बहुतेक वेळा बिघाड चार्जिंगच्या भागात किंवा बॅटरीत असतो आणि दोन्ही बदलता येतात. आशा सोडू नका.

निवांत_आजोबा:
मुली, तुझा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. माझं वय ७१. तांत्रिक मंडळी उत्तम सांगत आहेत, मी दुसऱ्या बाजूचं सांगतो.

मला जुळे मुलगे. त्यांच्या पहिल्या दोन वर्षांचे आमच्याकडे ११० फोटो आहेत, कागदावरचे. एकही हरवला नाही, एकालाही वाळवी लागली नाही. गेल्या वर्षी मी सगळे स्कॅन केले. आणि तेव्हा लक्षात आलं की कुठल्या फोटोत कोण आहे हे मला सांगता येत नाही. मुलांनाही येत नाही. त्यांच्या आईला एका नजरेत कळायचं. ती आता नाही. मागच्या बाजूला दोन अक्षरं लिहायला आम्हाला कधी सुचलं नाही, कारण तेव्हा आम्हाला सगळं ठाऊकच होतं.

४१ हजार फोटोंना तू लिहू शकणार नाहीस. पण महिन्यातल्या पाच फोटोंना लिही. कोण, कुठे, काय चाललं होतं, आणि ती तेव्हा काय म्हणाली. तुला आज जे सांगायचीही गरज वाटत नाही, नेमकं तेच लिही.

पाऊलखूण:
आजोबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. पुढचं काही वाचणं झालं नाही. लिहीन. नक्की लिहीन.

घडीची_पाने:
आजोबांना मनापासून नमस्कार.

कुठे लिहायचं तेही सांगते. क्लाउडच्या ॲपमध्ये चेहऱ्याला दिलेलं नाव त्या ॲपपुरतंच राहतं, फोटो बाहेर काढला की बरोबर येत नाही. बाळांच्या बाबतीत ते तसंही गोंधळतं, चेहरा इतका झपाट्याने बदलतो की पहिल्या वर्षाचीच तीन-चार ‘वेगळी माणसं’ तयार होतात. म्हणून वर्णन फोटोच्या फाइलमध्येच लिहा. डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. गूगल टेकआउटने सगळे फोटो परत मागवलेत तर तिथे लिहिलेली वर्णनं शेजारच्या जेसन (.json) नावाच्या मजकुराच्या फाइलींत येतात. त्या कचरा समजून काढू नका. कागदी फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, अगदी हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

पाऊलखूण:
एक शंका. व्हॉट्सॲपचे फोटो तारखेप्रमाणे लावले तर भलत्याच जागी जातात. मार्चमधले जूनमध्ये दिसतात. असं का होतं?

दिवेलागण:
प्रत्येक मूळ फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते, कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, कधीकधी कुठे. १९९५ पासूनचं हे मानक आहे. फोटोच्या खऱ्या वयाचा दाखला तो. फाइलवर दिसणारी ‘बदलल्याची तारीख’ तितकी भरवशाची नाही, ती नक्कल करताना किंवा संपादन करताना बदलू शकते.

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना ही नोंद काढून टाकतं आणि आकारही कमी करतं, नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो आला किंवा गेला त्या दिवसाची असते, काढल्याची नव्हे. आजीने मार्चचा फोटो जूनमध्ये पाठवला की तो जूनमध्येच बसणार. म्हणून आजीआजोबांना इथून पुढे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवा, तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण तीही मूळ फाइल नव्हे.

कॅमेऱ्याच्या कार्डांचंही बघा. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ बऱ्याचदा मागे कुठल्यातरी १ जानेवारीवर जातं. एका फोटोची खरी वेळ ठाऊक असली तर एक्झिफटूलने त्या अख्ख्या गठ्ठ्याची वेळ एकदम पुढे सरकवता येते. फिल हार्वी यांनी तयार केलेलं हे साधन मोफत आहे. ते फोटो आपोआप वर्ष-महिन्याच्या फोल्डरांतही लावून देतं. फोल्डरचं नाव ‘२०२४-०३’ असं, वर्ष आधी. ‘मार्च २०२४’ असं लिहिलं की क्रम बिघडतो. ‘गोड फोटो’, ‘बागेतले’ अशी फोल्डरं करू नका, एक फोटो तीन ठिकाणी बसतो आणि मग परत नकला होतात.

सांजसावली:
मी लहान मुलांचे फोटो काढण्याचं काम करते. इथे बरेच जण ‘सगळं ठेवा’ म्हणतायत, त्याला माझा थोडा विरोध आहे. ४१ हजार फोटो कुणी बघत नाही. मुलगी मोठी झाल्यावर तुम्ही तिच्या हातात ढिगारा देणार आहात. मी महिन्याला १० ठेवते, बाकीचे काढते.

दिवेलागण:
सांजसावली, १० निवडा हे शंभर टक्के पटतं. बाकीचे काढा हे पटत नाही, निदान पहिल्या वर्षाचे तरी नको. आज ज्यात बाळ धूसर आलंय म्हणून फोटो काढून टाकाल, त्यात मागे खुर्चीवर आजोबा बसलेले असतात. साठवणीला जागा कमी लागते, पण गेलेला फोटो परत आणायला कुठलीच युक्ती नाही.

सांजसावली:
आजोबांचा मुद्दा मान्य. मग मधला मार्ग: आवडत्यांना खूण करायची आणि बघताना फक्त तेवढेच बघायचे. पडदा काळा आलाय, बोट आलंय, खिशात चुकून निघालाय, असे बेलाशक काढावेत. आणि निवड पहिल्या महिन्यापासून सुरू करू नका, पाऊलखूण. तिथे तुमचं मन फार गुंतलंय. गेल्या महिन्यापासून सुरू करून मागे मागे जा.

निवडताना एक बघा, तुम्ही स्वतः किती फोटोंत आहात? फोटो सतत काढणारी व्यक्ती अल्बमभर गायब असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांचं हेच असतं.

दिवेलागण:
नकलांबद्दल राहिलं. चकाव्का (Czkawka) हे मोफत सॉफ्टवेअर किंवा डिजीकॅम नकला शोधून देतात. हुबेहूब फाइली सहज सापडतात, पण मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सॲपवरची प्रत संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या फाइली असतात. त्यासाठी ‘सारखी दिसणारी चित्रं’ हा शोध वापरावा लागतो. त्यात एकामागोमाग घेतलेले फोटोही येतात, म्हणून स्वतः बघूनच काढायचं आणि जास्त पिक्सेलची प्रत ठेवायची. आयफोनच्या लाइव्ह फोटोला शेजारी छोटी व्हिडिओ फाइल असते, ती नक्कल नाही. आणि हे सगळं दोन डिस्का भरून झाल्यावरच.

रानजाई:
क्लाउडबद्दल एक सावधगिरी. २०२२ मध्ये अमेरिकेतली एक घटना वर्तमानपत्रांत आली होती. एका वडिलांनी डॉक्टरांना दाखवायला आपल्या लहान मुलाच्या आजारी अवयवाचा फोटो काढला, यंत्रणेने तो आपोआप अश्लील ठरवला आणि त्यांचं अख्खं खातं बंद झालं. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवल्यावरही ते परत मिळालं नाही. सगळे फोटो त्यातच होते. तेव्हा आंघोळीचे, डॉक्टरांसाठी काढलेले फोटो क्लाउडवर आपोआप जाऊ देऊ नका आणि एकाच खात्याच्या भरवशावर राहू नका.

मुलीच्या नावाने ईमेल खातं उघडून त्यात फोटो टाकत असाल तर गूगलचा नियम लक्षात ठेवा, २ वर्षं न वापरलेलं खातं काढलं जाऊ शकतं. आणि तुमचे पासवर्ड नवऱ्यालाही ठाऊक असू देत.

सांजसावली:
छापून घ्या हे कुणीच म्हटलं नाही अजून! ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १,२०० बाय १,८०० पिक्सेल लागतात. तुमचे व्हॉट्सॲपचे १४ फोटो त्याहून थोडेच कमी पडतात, त्या आकारात चांगले येतील, त्याहून मोठे करू नका. मूळ मिळाले तर हवे तेवढे मोठे करा. वर्षाला एक अल्बम, तिचा हात पोचेल अशा जागी ठेवा.

पाऊलखूण:
दहा दिवसांनी लिहितेय. सगळं एका डिस्कवर उतरवलं, २९० जीबी भरलं. दुसरी डिस्क ताईकडे नेऊन दिली. एप्रिलपासून मागे जात तीन महिन्यांची निवड झाली. सांजसावली, त्या तीन महिन्यांत मी फक्त ६ फोटोंत आहे. हे आता बदलायचं.

आणि तो फोन. खाच साफ केली, रात्रभर लावून ठेवला, काही नाही. दुकानात तांब्याची_तार यांचे शब्द जसेच्या तसे वापरले. चार्जिंगचा भाग आणि बॅटरी बदलली. काल संध्याकाळी त्याने पासकोड मागितला आणि नवऱ्याला तो आठवला.

त्या २३ दिवसांचे २१२ फोटो आहेत आत. मला आलेले १४ म्हणजे त्याने निवडलेले, ज्यात नळ्या कमी दिसतात ते. तिचा सगळ्यात पहिला फोटो माझ्याकडे दुपारच्या वेळेने होता, मला वाटायचं तेव्हाच काढला. मूळ फाइलीवर वेळ आहे पहाटे ३:४७. तो पहाटेपासून तिथे काचेबाहेर उभा होता. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

एक ९ सेकंदांचा व्हिडिओही आहे. यंत्रांचा आवाज ऐकून मी घाबरेन म्हणून पाठवला नव्हता म्हणाला. त्यात ती रडतेय. तिचं पहिल्या दिवसाचं रडणं मी काल ऐकलं. आवाज अगदी बारीक आहे, मांजरीच्या पिल्लासारखा. लेक मांडीवर होती, तिने विचारलं, हे कोण आहे?

तांब्याची_तार:
ताई, डोळे भरून आले. तो व्हिडिओ आत्ता किती ठिकाणी आहे?

पाऊलखूण:
तीन. फाइलीच्या वर्णनात वेळ नवऱ्याने स्वतः लिहिली, आणि ‘काचेबाहेरून’ असंही.